पहिल्या रेसिंग सायकलीचा हिशेब

पहिली रेसिंगची सायकल घेताना तिला किती पैसे घालावेत, हा प्रश्न आपल्या वस्तीतल्या घरांत सहसा पडत नाही. पडलाच तर लोक हसतात. आमच्या घरी तो गेल्या वर्षी पडला आणि चांगला दोन महिने पडून राहिला. आमची धाकटी मुलगी अकरावीत आहे. शाळेत असताना ती जिल्ह्याच्या सायकल स्पर्धेत आईची साधी लेडीज सायकल घेऊन उतरली आणि चौथी आली. तिच्या पुढच्या तिघींच्या सायकली वाकड्या हँडलच्या, बारीक टायरच्या होत्या. क्रीडाशिक्षकांनी आम्हांला बोलावून घेतले आणि एवढेच म्हणाले, "पोरीचे पाय चांगले आहेत. पण ह्या सायकलवर ती याच्या पुढं जायची नाही."

पाय चांगले आहेत हे ऐकून कोणत्या बापाला आनंद होणार नाही? पण आम्ही पडलो कारकून. आनंद झाला की लगेच आकडा विचारायची सवय. चौकशी केली तर आकडे असे निघाले की घरी सांगावेत की नाही, असे झाले. पंचवीस-तीस हजारांपासून सुरुवात, आणि शेवट कुठे ते विचारू नये.

आमच्या आईने आकडा ऐकला आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "तुझ्या बापाची सायकल सुटावी म्हणून तुला शिकवला, आणि तू परत सायकललाच पैसं घालतुयास व्हय?"

ह्या एका वाक्यात आमच्या पिढीचा सगळा इतिहास आला. आमचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. त्यांच्याकडे काळी ॲटलस होती, चोवीस इंची, हप्त्याने घेतलेली. वीस किलोच्या आसपास वजन असलेली ती सायकल त्यांनी पहिल्या पाळीला पहाटे आणि तिसऱ्या पाळीला रात्री, उन्हापावसात चालवली. मागे कॅरिअरवर कधी जळण, कधी धान्याचे पोते, कधी आम्ही. सायकल ही त्यांची हौस नव्हती. गाडी परवडत नव्हती म्हणून ती होती. पुढे आम्हांला नोकरी लागली, कर्ज काढून मोटरसायकल आली, तेव्हा आईने सुस्कारा सोडला. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी आम्ही तिला वाचून दाखवली होती. तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, पाय सुटलं लोकांचं." कारखान्यातल्या कामगारांचे काय झाले असेल, हे तिच्या लक्षात नंतर आले आणि मग ती गप्प बसली.

तेव्हा आमच्यासारख्या घरात सायकलीसाठी तीस हजार काढणे ही नुसती पैशांची गोष्ट नाही. शेजारचे तात्या म्हणाले, "एवढ्यात जुनी मोटरसायकल येती की! खुळं का काय तुम्ही?" त्यांचे चूक नव्हते. मोटरसायकलवर चौघांची कामे होतात. ह्या सायकलीला कॅरिअरसुद्धा नसते.

पण तात्यांच्या बोलण्यापेक्षा आम्हांला जास्त अडचणीत टाकले ते दुसऱ्या एका हितचिंतकाने. त्यांचे म्हणणे अगदी उलटे. "घ्यायची तर लाखाची घ्या. पोरगी खेळाडू झाली तर सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे पैसे नाहीत, गुंतवणूक आहे. दुकानदार हप्ते करून देतो. कमी पडले तर सोसायटीचे कर्ज काढा, मी जामीन राहतो." जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तेव्हापासून अशी बोलणी फार वाढली आहेत. टीव्हीवर परदेशी खेळाडू झपाट्याने जाताना दिसतात आणि प्रत्येक बापाला आपले पोर त्यांच्यात दिसू लागते.

आरक्षण आहे हे खरे आहे. पण त्याचा लाभ मिळतो तो विहित स्तरावरच्या स्पर्धांत ठरलेली कामगिरी केलेल्या खेळाडूंना, तीही प्रमाणपत्रांची पडताळणी झाल्यावर. तिथपर्यंत पोहोचणाऱ्या मुली किती आणि सायकल घेणाऱ्या किती? आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक पाठ केला होता. त्याचा उपयोग नोकरीत झाला नसेल इतका इथे झाला. पोरीच्या सायकलीला गुंतवणूक म्हटले की तिच्यावर परतावा मागावासा वाटतो. खर्च म्हटले की पैसे गेले, विषय संपला.

हे आम्हांला नुसत्या विचाराने सुचले नाही. एका रात्री आम्ही दोघे नवरा-बायको कागदावर हप्ते मांडत बसलो होतो. मुलगी अभ्यासाला बसली होती, पण कान इकडेच. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी हरले तर?"

आम्हांला काही उत्तर सुचेना. तिची आई शिवणयंत्रावरून न उठता म्हणाली, "हरलीस तर सायकलवर दूध आणायला जा."

मुलगी हसली. पण आम्ही त्या कागदाकडे पुन्हा पाहिले. लाखाच्या सायकलीवरून कोणी दूध आणायला जात नाही. ती सायकल घरात आली की पोरीला प्रत्येक शर्यतीत कर्जाचा हप्ता घेऊन पळावे लागणार. सोळा वर्षांच्या मुलीच्या पायांत तेवढे बळ असते, मनावर मात्र ते ओझे घालू नये. कर्ज काढायचे नाही, आणि तिच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी पोस्टात चालू असलेल्या आवर्ती ठेवीला हात लावायचा नाही, हे त्या रात्री ठरले. मग राहिले काय? आमचा दिवाळीचा बोनस १४,००० रुपये. तिच्या आईची महिला मंडळातली भिशी, दरमहा दोन हजारांची, दहाजणींची, म्हणजे २०,०००. मुलीला बक्षिसांचे आणि पाहुण्यांनी दिलेले पैसे साठवून झालेले ६,०००. एकूण ४०,०००. सायकल, तिच्याबरोबरचे सामान, जाणे-येणे, सगळे ह्यात. भिशी सायकलीत घालायची ह्याला मुलीच्या आईने एक अट घातली. पुढची पाळी आली की नवीन शिवणयंत्र, त्यात कोणी बोलायचे नाही. मान्य केले.

हा झाला वरचा आकडा. खालचा आकडा ठरवणे त्याहून अवघड गेले, कारण बाजारात स्वस्त माल फार आहे. आठ-दहा हजारांना गिअरची, जाड टायरची, पुढे-मागे स्प्रिंगा असलेली चकचकीत सायकल मिळते. पोरांना ती आवडते. पण ती रस्त्यावरच्या शर्यतीची नव्हे. वजन सोळा-अठरा किलो, आणि पायडलवर जोर दिला की त्यातला काही जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. नुसते कॉलेजला जायचे असेल तर सरळ हँडलची, मध्यम टायरची, स्प्रिंग नसलेली सायकल पंधरा हजारांच्या आतबाहेर बरी. पण सपाट रस्त्यावर वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर गेला की बहुतेक ताकद वारा कापण्यात खर्च होते. तिथे वाकड्या हँडलवर खाली वाकून बसणाऱ्याला जो फायदा होतो, तो सरळ बसणाऱ्याला मिळत नाही. शिक्षक म्हणत होते ते हेच. तेव्हा अशा सायकलीचा खालचा आकडा पंचवीस-तीस हजार, त्याला इलाज नाही.

आता तीस हजारांच्या आणि लाखाच्या सायकलीत फरक काय, हे दुकानदार सांगतात पण उलगडून सांगत नाहीत. फ्रेम दोन्हीकडे ॲल्युमिनियमची असू शकते. महागात पुढचा फोर्क कार्बनचा असतो, आणखी महागात सगळी फ्रेम कार्बनची. गिअर बहुधा शिमानो ह्या जपानी कंपनीचे. ही कंपनी १९२१ साली साकाई शहरात सुरू झाली आणि तिने पहिल्यांदा बनवले ते साधे फ्रीव्हील. तिच्या मालाच्या पायऱ्या आहेत: रस्त्याच्या सायकलीत टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ आणि त्याच्याही वर. एकेक पायरी चढली की मागच्या चकत्या वाढतात, गिअर मऊ पडतात, वजन थोडे कमी होते, आणि किंमत थोडी नव्हे, बरीच वाढते.

वजनाचा हिशेब आम्ही मुलीलाच करायला लावला. तिचे वजन ४८ किलो. पहिल्या किमतीतली सायकल साडेदहा किलो, अंगावरचे सामान आणि पाण्याची बाटली दीड किलो. एकूण ६०. लाखाच्या पुढची सायकल साडेसात किलोची धरली तर एकूण ५७. म्हणजे शंभरात पाच कमी. यवतेश्वरच्या घाटात वीस मिनिटांची चढण धरली तर एका मिनिटाची बचत होते. आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियमच आहे की शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नसावी. म्हणजे जगातल्या मोठ्यात मोठ्या खेळाडूची सायकलसुद्धा आमच्या पोरीच्या सायकलीपेक्षा चार किलोच्या आतच हलकी. मुलगी म्हणाली, "एक मिनिट मी सरावानं काढते." आम्ही म्हटले, काढ बाई.

सातारच्या आमच्या सायकल मिस्त्रींनी तिसरीच गोष्ट सांगितली. साठी उलटलेले, वडिलांच्या ॲटलसचे छर्रे त्यांनीच बदललेले. ते म्हणाले, "किमतीचं तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, बिघडली तर दुरुस्त हितं होती का?" तारेचे साधे ब्रेक, बाहेरून गेलेल्या तारा, आऱ्यांची साधी चाके असतील तर ते ओव्हरहॉलिंग करतील, चाकाचा आऊट काढतील. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक आणि फ्रेमच्या पोटातून नेलेल्या तारा असल्या तर पुण्याला न्यावी लागेल, आणि पुण्याची एक खेप म्हणजे दिवसाचा रोज गेला. आमच्या मते पहिल्या सायकलीला ही कसोटी सगळ्यांत मोठी.

तरी मन जुन्या मालाकडे ओढ घेतेच. सांगलीला आमची बहीण राहते. तिच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाची सायकल विकायची होती, मूळ किंमत पंचावन्न हजार, मागणी चोवीस हजार. आम्ही बाप-लेक रेल्वेने गेलो. वाटेत कऱ्हाडच्या पुढे किर्लोस्करवाडी लागली तेव्हा मुलीला सांगितले की १९१० साली कुंडलच्या माळावर हा कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, त्यांच्या धंद्याची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलींच्या छोट्या दुकानापासून झाली. ती म्हणाली, "मग ते लाखाची घ्या म्हणाले असते." पोरे हुशार झाली आहेत.

मिस्त्रींनी निघताना एक पोलादी फूटपट्टी दिली होती. साखळीची एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक इंच होतो. नव्या साखळीत अशा बारा जोड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर बारा इंच भरतात. एक दोरा जास्त भरली, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, तर साखळी तर गेलीच, तिने मागच्या चकत्याही खाल्ल्या असे समजावे. सांगलीच्या सायकलीची साखळी दोऱ्याहून जास्त निघाली. फ्रेम उलटी करून पायडलच्या खालचा नंबर पाहिला, तो पावतीशी जुळला. माल चोरीचा नव्हता. फ्रेमला चीर नव्हती, रिम चांगल्या होत्या. साखळी, चकत्या, टायर, तारा धरून पाच-सहा हजारांचे काम होते. तरी एकूण तीसच होत होते आणि गिअर वरच्या पायरीचे होते. आमचा जीव त्या सायकलीत अडकला.

पण मुलगी बसली आणि तिचे हात हँडलपर्यंत ताणून गेले. सायकल साडेपाच फुटांच्या वरच्या माणसाची, आमची मुलगी पाच फूट एक इंच. बहीण म्हणाली, "अजून वाढंल की ती, सीट खाली घ्यायची." सीट खाली येते, फ्रेमची लांबी कमी होत नाही. ताणून बसले की खांदे, मान, कंबर सगळे धरते, आणि ब्रेकला बोटे पुरत नाहीत. कपडे वाढत्या अंगाचे घेतो तशी सायकल घेता येत नाही. बहिणीला त्या घरी तोंड दाखवायची पंचाईत झाली, थोडी रुसलीही. पण आम्ही चहा पिऊन उठलो.

मग सांगलीतल्याच दुकानांत नवीन पाहिली. एका दुकानात तिच्या मापाची नव्हती, तर तिथल्या विक्रेत्याने मोठ्या मापाचीच गळ्यात मारण्याची खटपट केली. वर "मुलीला एवढी कशाला?" असेही म्हणाला. दुसऱ्या दुकानात मात्र मालकांनी उंची आणि मांडीपासूनची पायाची लांबी मोजली आणि सांगितले, "लहान माप बारा दिवसांत मागवून देतो. ॲडव्हान्स दोन हजार. बसून पाहा, नाही जमली तर परत." तिथे मन बसले. ॲल्युमिनियम फ्रेम, मागे आठ चकत्यांचे क्लॅरिस गिअर, तारेचे ब्रेक, २८ मिलिमीटरचे टायर. कर धरून २९,८०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. सुमारे अठ्ठावीस हजारांच्या मूळ किमतीवर ही बचत १,९६० रुपयांची. म्हणून पक्के बिल मागावे आणि त्यावर ५ टक्केच लावले आहेत ना, ते पाहावे.

त्या १,९६० मध्ये हेल्मेट बसले, १,९०० रुपयांचे. टायर पंचवीसचे न घेता अठ्ठावीसचे घेतले ते आमच्या रस्त्यांमुळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचा हंगाम. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा, सांगली, कोणताही रस्ता घ्या, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा मागे दिवा नसलेल्या, आणि रस्त्यावर सांडलेला ऊस. बारीक टायर त्यावरून सटकते. म्हणून पुढचा-मागचा दिवा आम्ही गिअरच्या आधी धरला होता, ११०० रुपये. दाब दाखवणारा उभा पंप १,२५०, कारण ह्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचे मशीन त्याला लागत नाही. त्यासाठी एक पितळी टोपण मिळते, ते सीटखालच्या पिशवीत ठेवावे. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, टायर काढायच्या पट्ट्या आणि ती पिशवी मिळून ९५०. कुलूप ६००. बाटली आणि तिची पकड ४५०. गादीची चड्डी १,२००. ही शेवटची वस्तू मुलीच्या आईने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "पुढची मी शिवीन, साडेतीनशात." रेल्वेची दोन माणसांची तिकिटे आणि खोक्याच्या पार्सलसह सगळे ५५०. बेरीज ३७,८००.

उरलेले २,२०० रुपये आम्ही सायकलीच्याच नावाने वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत, साखळी, ब्रेकचे रबर आणि तारा यांच्यासाठी. बिल, फ्रेमच्या नंबरचा फोटो आणि गॅरंटीचा कागद त्याच पाकिटात. मिस्त्रींनी खोके उघडून चाके बसवली, गिअर लावले आणि मजुरी घेतली नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साखळी मोजायला आणायची, एवढे मात्र मुलीकडून कबूल करून घेतले. पहिल्या महिन्यात ती ४१२ किलोमीटर फिरली, वहीत तारीखवार लिहिलेले आहे. मिस्त्रींच्या फूटपट्टीवर साखळी अजून बारा इंच आहे.